खेड्यातून शहरात: कोणत्या सोयी निर्धास्त उपभोगाव्यात, कोणत्या सवयी ठेवाव्यात?

उंबरठा
बरीच वर्षं खेड्यात काढून शहरात आलेल्या माणसाच्या अंगात साठवणूक मुरलेली असते. पाणी आलं की दिसेल ते भांडं भरायचं, वीज आहे तोवर सगळं चार्ज करून घ्यायचं, बाजाराला गेलं की महिन्याभराचं सामान उचलायचं. शहरात नळाला दिवसभर पाणी, वीज सहसा जात नाही, दुकान हाकेच्या अंतरावर. तरी सवय सुटत नाही आणि छोट्या घरात पिंपं, बॅटऱ्या, डबे दाटीवाटीने उभे राहतात. सोय दारात असून तिचा आनंद घेता येत नाही.

माझं मत असं, की सोय कशी चालते हे कळलं की तिच्यावर किती विसंबायचं तेही कळतं. म्हणून ज्यांना पाणी, वीज, गॅस, सांडपाणी, इंटरनेट, वाहतूक यांतलं काही नीट माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं. काय टाकून द्यायचं आणि काय ठेवायचं, कारणासकट. आकडे दिलेत तर फारच उत्तम.

ओंजळभर
आधी शॉवर! बादली-तांब्यावर वर्षं काढलेल्याला विचारा त्याचं सुख. बाकीचं सावकाश बोलू.

नळकांडी
शॉवरपासूनच सुरुवात करू, कारण सर्वात जास्त निराशा तिथेच होते. पाण्याचा दाब म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाबाचं एकक). गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर तळमजल्याला धो धो आणि सर्वात वरच्या मजल्याला करंगळीएवढी धार. मजला ३ मीटरचा धरला तर दहा मजली इमारतीत खालच्याला जवळजवळ ३ बार मिळतो आणि वरच्याला जेमतेम ०.२ ते ०.३.

मोठ्या तबकडीच्या शॉवरला १ बारच्या आसपास दाब लागतो. वरच्या मजल्यावर तो लावला की थेंब ठिबकतात आणि लोक प्लंबरला बोल लावतात. तिथे एक तर छोट्या तोंडाचा, कमी दाबाचा शॉवर घ्या, नाहीतर टाकीच्या आउटलेटवर प्रेशर पंप बसवा. पंप लागेल असं ठरवण्याआधी तीन गोष्टी बघा: शॉवरची भोकं क्षाराने बुजली आहेत का, अँगल कॉक (भिंतीतून आलेल्या नळीवरची पाणी बंद करायची तोटी) पूर्ण उघडा आहे का, आणि नळाच्या तोंडातली बारीक जाळी कचऱ्याने भरली आहे का. जाळी आट्या फिरवून निघते. व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासली की धार परत येते.

पाणी मीटरमधून थेट येत असेल तर त्या लाइनवर पंप लावू नका. मुख्य वाहिनीतला दाब खेचला जातो, शेजाऱ्यांचं पाणी तुटतं, आणि वाहिनीला कुठे चीर असेल तर तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं.

चौथा_मजला
नळकांडी, गॅस गिझर मध्येच विझतो त्याचंही कारण दाबच का? नळ मोठा सोडला की पेटतो, बारीक केला की बंद.

नळकांडी
हो. त्यात पाण्याच्या प्रवाहाने ढकलला जाणारा एक पडदा असतो. मिनिटाला साधारण अडीच लिटरच्या खाली प्रवाह गेला की पडदा मागे येतो आणि गॅस बंद होतो. पाणी फार गरम लागतं म्हणून लोक नळ बारीक करतात, प्रवाह घटतो, गिझर विझतो. करायचं उलट: नळ पूर्ण सोडायचा आणि गिझरवरची गॅसची खुंटी कमी करायची. तरीही विझत असेल तर पाणी आत येतं त्या तोंडाची गाळणी काढून धुवा. नंतर बॅटरी सेल बदला. हे सगळं झाल्यावरच मेकॅनिकला बोलवा.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावायचा नसतो. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी, आणि आत फक्त गरम पाण्याची नळी.

मोरपंखी
वाचतेय. टाकीतला गिझर आणि हा, यात घ्यावा कोणता?

फ्यूजवाली
वरच्या मजल्यावर, कमी दाब असेल तर विजेचा साठवणीचा गिझर. त्याला दाबाचं काही सोयरसुतक नसतं.

खेड्यातून आलेल्यांना यात एक सुखद धक्का बसतो. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, ओळीच्या टोकाला घर असलं की संध्याकाळी १८० व्होल्ट मिळणंही नवलाचं नसतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट म्हणजे ताकद फक्त ६१ टक्के. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटच्या गिझरला २३० व्होल्टवर सुमारे १८ मिनिटं लागतात, १८० व्होल्टवर अर्धा तास. म्हणून 'आंघोळीच्या तासभर आधी गिझर लावायचा' ही सवय खुशाल सोडा.

स्टॅबिलायझरचंही तेच. नव्या घरी आल्यावर आठवडाभर मल्टिमीटरने सकाळी, संध्याकाळी सात ते नऊमध्ये आणि मध्यरात्री व्होल्टेज मोजा. २०७ ते २५३ च्या आत राहत असेल तर फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. आजचे बरेच फ्रिज याहून मोठा चढउतार सोसतात, मागच्या पट्टीवर आकडा छापलेला असतो. गरज नसताना लावलेला स्टॅबिलायझर स्वतः वीज खातो आणि बिघडायला आणखी एक वस्तू होते.

ठेवायची सवय कुठली? झटक्यापासून वाचवणारा खटका तपासण्याची. मीटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती लगेच तोडणारा खटका, आहे का बघा. त्यावर चाचणीचं बटण असतं. तीन महिन्यांतून एकदा तरी ते दाबा, खटका पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे, त्याच दिवशी बदलून घ्या.

बांधावरून
स्टॅबिलायझर ठीक, पण इन्व्हर्टर विकायला सांगू नका कुणी. वीज महिन्यातून एकदाच जाते, पण नेमकी कामाच्या वेळी जाते.

फ्यूजवाली
@बांधावरून, विका म्हणत नाही. पण खेड्यात रोज रिकामी होऊन भरणारी बॅटरी शहरात महिनोन्महिने नुसती चार्जवर बसते, आणि लेड-ॲसिड बॅटरीला हे मानवत नाही. आम्ल तळाशी जड, वर पातळ असं थरांत बसतं आणि प्लेटांचा खालचा भाग खराब होत जातो. मग जेव्हा वीज जाते तेव्हा दहा मिनिटांत अंधार, आणि 'नवी होती की बॅटरी' असं नवल.

उपाय सोपा. महिन्यातून एकदा मेन बंद करून घर इन्व्हर्टरवर चालवा, बॅटरी पाव भाग उतरू द्या, मग पूर्ण भरा. डिस्टिल्ड वॉटर बॅटरी भरल्यावर टाकायचं, आधी नाही, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि काठोकाठ भरलेलं आम्ल बाहेर सांडतं. एकच अपवाद: प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढं पाणी आधी घाला. खेड्यात ओसरीवर ठेवलेली बॅटरी फ्लॅटमध्ये बंद कपाटात ढकलू नका. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तो निघून जायला हवा हवी.

ज्यांना फक्त इंटरनेट आणि दोन दिवे हवेत त्यांनी मोठं धूडच का बाळगावं? राउटर १२ व्होल्टचा, ८ ते १० वॅट खाणारा. ३० ते ४० वॅट-तासांची छोटी डीसी यूपीएस त्याला तीनेक तास तारून नेते.

तंतुवाद्य
फ्यूजवाली यांच्या शेवटच्या ओळीत एक भर. फायबर जोडणीत बऱ्याच ठिकाणी दोन डबे असतात, भिंतीवरचा ओएनटी (फायबरमधल्या प्रकाशाचा विजेचा सिग्नल करणारा) आणि राउटर. लोक राउटरला यूपीएस लावतात आणि ओएनटी विसरतात. वायफाय दिसतं, इंटरनेट नसतं. दोन्हींना वीज द्या, आणि देण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. एक १२ आणि दुसरा ९ व्होल्टचा असू शकतो. पिनेचं माप तेच असल्याने चुकीची सहज बसते आणि डबा जळतो.

शहरात वेग पुरेपूर मिळूनही वायफाय रडतं याचं कारण गर्दी. एका इमारतीत वीस-तीस राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर ओरडत असतात. त्या पट्ट्यात एकमेकांना न छेदणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या वायफाय तपासणीच्या ॲपने मोकळा कोणता ते बघा आणि राउटरमध्ये तो हाताने ठरवा. ३ किंवा ४ निवडलात तर १ आणि ६ दोन्हींचा त्रास होतो. रोज वापरातली उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या. त्याचा आवाका कमी, भिंत पार करताना दमतो, पण याच कारणाने शेजाऱ्याचा ५ गिगाहर्ट्झही तुमच्या घरात फारसा येत नाही.

राउटर दाराजवळच्या लोखंडी पेटीत किंवा टीव्हीच्या मागे नको. घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर ठेवा. फायबर तिथवर पोहोचत नसेल तर ओएनटी जागेवर ठेवून पुढे कॅट ६ ही नेटवर्कची तांब्याची केबल ओढा, ती १०० मीटरपर्यंत चालते. फायबरच्या तारेला मात्र कोपऱ्यात घट्ट दुमडू नका. वळणाची त्रिज्या ३ सेंटिमीटरपेक्षा कमी झाली की प्रकाश बाहेर गळतो, आणि जोडणी कधी चालू कधी बंद असा लपंडाव सुरू होतो.

ओंजळभर
शॉवरवरून फायबरपर्यंत! पळतोय धागा.

बांधावरून
पाण्याच्या साठ्याचं राहिलंच. माझं स्पष्ट मत: दोनशे लिटरचं पिंप शहरातही ठेवावं. वाहिनी फुटली, पंप जळला की तीन दिवस कोणी विचारत नाही.

गवती
@बांधावरून, इथे पूर्ण असहमत. शहराच्या पाण्यात क्लोरीन असतं, नळापाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरावं हा सर्वसाधारण निकष. तेच पाण्याचं संरक्षण. पिंपात पाणी दोन-तीन दिवस राहिलं की क्लोरीन उडून जातं. म्हणजे नळाला येणारं चांगलं पाणी आपण स्वतःच्या हाताने शिळं आणि असुरक्षित करून पितो.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ उबदार हवेत ७ ते १० दिवसांत पुरी होते. शिवाय अंडी पाण्यात सुटी तरंगत नाहीत, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. नुसतं पाणी ओतून देऊन पुन्हा भरलं की तीच अंडी फुटतात. साठा करायचाच तर आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासायचा, तळापेक्षा काठाकडे जास्त लक्ष देऊन, आणि वर घट्ट झाकण.

नळकांडी
दोघांच्या मधला आकडा सांगतो. आपत्तीत मदतकार्य करणारे माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान धरतात, पिणं, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता मिळून. चार माणसांना एका दिवसाचे ६० लिटर. फ्लशला दर वेळी ६ लिटर लागतात, ते वेगळे धरा. झाकणाचे २० लिटरचे चार डबे पुरेत. पिंपापेक्षा डबे बरे, उचलता येतात, पलंगाखाली सरकतात आणि दर आठवड्याला एकेक करून कपडे-फरशीला वापरून परत भरता येतात. इमारतीला गच्चीवर आणि जमिनीखाली अशा दोन टाक्या असतील तर एवढंही पुष्कळ.

मोरपंखी
आणि आरओ? बोअरच्या पाण्यासाठी घेतलेला आहे, शहरात लावावा का?

गवती
आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर चवीसाठी किंवा क्षारासाठी आरओची गरज नाही. धरणा-नदीचं शुद्ध केलेलं पाणी बहुतेक वेळा याच्या खूप खाली असतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर सहज फेकतो. बोअरच्या जड पाण्याला ते सोसायला लागत होतं, इथे ती शुद्ध नासाडी. टाकीच्या स्वच्छतेची शंका असेल तर यूव्ही फिल्टर पुरतो. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही हे मात्र ध्यानात असू द्या. आकडा ८० आला म्हणजे पाणी पिण्याजोगं, असं नाही.

मऊ पाण्याची आणखी एक मजा: साबण आणि कपड्याची पावडर जवळपास निम्मी पुरते. बोअरच्या मापाने टाकली तर फेस जात नाही, मशीन जास्तीचं खळबळवत बसतं.

शेवाळ
सांडपाण्यावर कोणीच का बोलत नाही? सर्वात मोठी सोय तीच! सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसायची, शोषखड्डा पावसात तुंबायचा, ही कटकट गटाराच्या जोडणीने कायमची मिटते. सेप्टिकमध्ये ॲसिड आणि ब्लीच ओतताना हात आखडायला लागतो, नाहीतर मैला कुजवणारे जिवाणू मरतात. शहरात ती चिंता नाही. पण वापरलेलं तेल आणि ओले वाइप मोरीत नकोत. तेल थंड नळीत गोठतं, वाइप त्यात अडकतात, आणि तुंबतं नेमकं तळमजल्याच्या घरात.

आता वासाचं. बंद राहिलेल्या घरात शिरल्यावर गटाराचा वास येतो, लोक फिनेल ओतत सुटतात. खरं कारण न्हाणी ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. जाळीखाली वाकड्या नळीत साधारण ५० मिलिमीटर पाणी थांबलेलं असतं, तेच गटारातल्या वायूला अडवतं. ही वाकडी नळी ॲलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये पेटंटात आणली, आणि तिच्याशिवाय घरात संडास ही कल्पनाच कोणाला सोसली नसती. न वापरत्या न्हाणीघरात आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. महिनाभर गावी जायचं असेल तर पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा, त्याचा पातळ थर बाष्पीभवन रोखतो.

पाणी ओतूनही वास येत असेल, आणि वरच्याने फ्लश केल्यावर तुमच्या मोरीतून गुडगुड ऐकू येत असेल, तर गच्चीवरची हवेची नळी बुजलेली असते. पडत्या पाण्याच्या ओढीने ट्रॅप शोषला जातो. तुमच्या घरात कितीही खटपट केलीत तरी उपयोग नाही, सोसायटीला सांगून वरून साफ करून घ्या.

चौथा_मजला
हे गुडगुडचं आज कळलं. धन्यवाद!

पायवाट
वाहतुकीचं थोडं. खेड्यात गाडीची वेळ पाठ करतात, कारण ती चुकली की दिवस गेला. शहरात वेळापत्रक पाठ करू नका, दोन गाड्यांमधलं अंतर बघा. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर केव्हाही निघा, सरासरी ५ मिनिटंच थांबावं लागतं. दर ४० मिनिटांनी येणारी जलद गाडी कागदावर चांगली दिसते, पण वाट बघणं धरलं की बहुधा हरते. घर भाड्याने घेताना 'स्टेशनजवळ' या शब्दावर जाऊ नका, स्वतः चालून बघा. ८०० मीटरला १० मिनिटं. शेवटची गाडी किती वाजता ते मात्र पाठच ठेवा.

लिफ्टचंही: जायचं त्याच दिशेचं बटण दाबा. वर-खाली दोन्ही दाबली की ती एकदा उगाच थांबते आणि सगळ्यांचाच वेळ जातो. अडकलात तर दार फाकवायचं नाही. आत गुदमरायला होत नाही, हवेला झरोके असतात. घंटा दाबायची आणि थांबायचं.

गवती
सर्वात मोठी सोय दवाखाना, आणि तिचा फायदा वेळेत उठवला तरच आहे. मेंदूत गुठळी होऊन झटका आला तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅननंतर. खेड्यात हे अंतरानेच हुकतं. शहरात हुकतं ते 'सकाळपर्यंत बघू' या जुन्या सवयीने. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एकही अचानक दिसलं तर घड्याळ बघा, लक्षणं कधी सुरू झाली ते लिहा आणि निघा. चोवीस तास सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे घर लावतानाच शोधून फ्रिजवर चिकटवा. सोबत चालू औषधांची यादी, मात्रेसकट. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते ठळक लिहा, उपचार त्यावर बदलतो.

बांधावरून
गवती, हे फार मोलाचं लिहिलंत. पिंपाचा हट्ट सोडतो, वीस लिटरचे डबे पटले.

उंबरठा
मंडळी, मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. टाकायचं: पिंप, आरओ, स्टॅबिलायझर (मोजून झाल्यावर), तासभर आधी गिझर लावणं. ठेवायचं: पाण्याचे चार डबे, बॅटरीची महिन्याची चाचणी, औषधांची यादी. गॅस राहिला. सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसला तशीच चालते का?

शेवाळ
तशीच नाही. पाइपातून येतो तो मुख्यतः मिथेन. त्याच आकारमानात त्याची उष्णता सिलिंडरच्या गॅसपेक्षा बरीच कमी, म्हणून बर्नरच्या जेटचं भोक मोठं लागतं. जुना जेट ठेवला तर आच मिणमिणती. उलट केलं, म्हणजे मोठ्या जेटवर सिलिंडर जोडला, तर पिवळी, काजळी धरणारी, भडकणारी ज्योत. ते धोक्याचं. जेट गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या आणि तो जाण्याआधी प्रत्येक बर्नर मोठ्या व बारीक आचेवर पेटवून बघा. ज्योत निळी, स्थिर, बर्नरवरून न उचलणारी हवी.

आणखी एक फरक. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर फरशीवर साचतो. मिथेन हलका, छताकडे जातो. गावाकडून आणलेला गळतीचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावाल तर पाइपच्या गॅसला तो गप्पच राहील. मिथेनसाठीचा सेन्सर घ्या आणि छताखाली फूटभर अंतरावर लावा. स्वयंपाकघरातली वरची खिडकी किंवा झरोका थंडीतही पूर्ण बंद करू नका.

मोरपंखी
सेन्सर शेगडीच्या अगदी वर लावला तर चालेल?

शेवाळ
नको. वाफ आणि तेलाचा धूर थेट लागून तो खोटा वाजत राहतो, आणि मग लोक त्याची वायरच काढून ठेवतात. शेगडीपासून आडवं दीड-दोन मीटर बाजूला, चिमणीच्या ओढीपासून लांब.